शनिवारचे कान

डॉक्टर व्हायचं असं अल्फियाने पाचवीत ठरवलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला ती ते सांगत सुटली होती. बहारीनच्या राजधानीत, मनामात, त्यांच्या इमारतीतले शेजारपाजारचे तिला 'डॉक्टरनी' म्हणूनच हाक मारायचे. फक्त एक राहून गेलं होतं. डॉक्टर दिवसभर करतो काय, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

बारावी झाली त्या उन्हाळ्यात, १९९५ साली, हे तिच्या ध्यानात आलं. कर्नाटकातल्या एका मेडिकल कॉलेजची मंडळी मुलाखती घ्यायला बहारीनला येणार होती. तिचे अब्बा, लतीफ, मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात सुपरवायझर होते. त्यांनी घरच्या नेहमीच्या डॉक्टर कश्मिरा यांना गळ घातली, "पोरगी नुसती कोपऱ्यात उभी राहील. तिला बघू दे जरा."

"कोपऱ्यात कशाला? माझ्या शेजारी उभी राहू दे," मूळच्या पुण्याच्या डॉक्टर म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी एका फोरमनच्या पाठीवरचं गळू फोडायचं होतं. अल्फिया हौसेने पुढे वाकली, पू दिसला, आणि ती धाडकन त्या पालथ्या पडलेल्या फोरमनच्या अंगावरच कोसळली. डोळे उघडले तेव्हा तो अर्धं गळू तसंच घेऊन तिला पाणी पाजत होता आणि डॉक्टर भिंतीला टेकून हसत होत्या.

"काय गो, झाली डॉक्टर?" घरी तिच्या अम्मीने, ताहेराने विचारलं.

"अम्मी, आय फेंटेड! पेशंटवर!"

मायलेकी इतक्या हसल्या की गॅसवरचा भात खाली लागला.

दुसऱ्या दिवशी अल्फिया पुन्हा हजर. ड्रेसिंगसाठी आलेल्या फोरमनने आधी तिच्यासाठी खुर्ची ओढली, मग स्वतः पालथा पडला.

असे आठवडे गेले. तिच्या लक्षात आलं, शुक्रवारच्या सुट्टीनंतर शनिवारी दवाखाना मुलांनी भरतो, आणि बऱ्याच जणांचा हात कानावर असतो. शुक्रवारी तर जो तो समुद्रावर! अल्फिया धावतच डॉक्टरांकडे गेली.

"मॅडम, इट्स द सी! समुद्राचं पाणी खराब आहे!"

"कशावरून?"

"ही सगळी मुलं पोहतात ना!"

"आणि ज्यांचे कान दुखत नाहीत, ती पोहत नाहीत? जा, विचार त्यांना."

अल्फिया विचारत सुटली. दवाखान्यात, जिन्यात, दुकानांपुढे. हिंदीत, मराठीत, मोडक्या अरबीत. आणि काय? ठणठणीत कानांची मुलंही तितकीच डुंबत होती. समुद्रावरचा आरोप खलास! तिला रडू येण्याऐवजी हसूच फुटलं, कारण आता खरी गंमत होती. पोहून घरी आल्यावर काय केलं, हे ती विचारू लागली, आणि दुखऱ्या कानांच्या बहुतेक मुलांकडून एकच उत्तर येऊ लागलं: आईने केसांच्या पिनेने कानातलं पाणी काढलं.

ती घरी धावली. "अम्मी, तू पण पीन घालतेस कानात?"

"मग पानी काडू कशान?" ताहेरा म्हणाली.

"काढायचंच नाही! आपोआप जातं!"

मुलाखतीला समोर तिघं बसली होती. अल्फियाने कानांची सगळी हकीकत सांगितल्यावर मधल्या सरांनी विचारलं, "या छोट्या अभ्यासातून काय सिद्ध झालं?"

"माझं म्हणणं चुकीचं होतं, हे, सर."

"मग वाईट वाटलं असेल."

"नाही सर, फार मजा आली!" तिच्या तोंडून निसटलंच.

शेजारच्या बाईंनी दवाखान्याबद्दल विचारलं, तेव्हा तिने चक्कर येऊन पडल्याचंही सांगून टाकलं.

"तरी दुसऱ्या दिवशी गेलीस?"

"गळवाचं पुढे काय झालं ते बघायचं होतं, मॅडम."

तिघंही खो खो हसली. इतर मुलं गुणपत्रकं नीट करत बाहेर बसली होती. आतलं हसू ऐकून ती सगळी दचकून दाराकडे बघू लागली.

प्रवेश मिळाल्याचा फोन आला आणि ती पलंगावर उड्या मारतच गोदामाचा नंबर फिरवू लागली. बातमी ऐकून पलीकडच्या ऑपरेटरला राहवलं नाही. त्याने थेट लाउडस्पीकरवर जाहीर केलं, "लतीफभाई, आपकी बेटी डॉक्टर बन रही है!" गोदामभर फोर्कलिफ्टचे भोंगे वाजू लागले, तिला ते फोनवर ऐकू येत होते.

"खरा गो?" धावत फोनवर आलेल्या अब्बांनी विचारलं.

"खरं, अब्बा!"

"यल्ला, मी आलोच!"

ते हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून, हलव्याचा भला मोठा डबा काखेत मारून आले. जेवायचं कुणाला सुचलंच नाही. तिघांनी चमच्यांची वाट न बघता बोटांनीच डबा संपवला.