शेडीचा उंबरा

भिजलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास आला की मला ती सकाळ आठवते. कार्ल्याच्या शिवारात आमची बांबू-पेंढ्याची शेड, आत टांगलेल्या पिशव्यांत आमी अळंबी घ्यायचो. फक्त पिकाच्या कच्च्या शेडीला करात झिजेची सूट, म्हणजे घसारा, जास्त मिळते. राहायचं पक्कं घर ठरलं तर मागचा सगळा कर वसूल होईल आन शेडच विकावी लागंल, असं हिशेब बघणाऱ्यानं सांगितलेलं. तपासायला करखात्याचा साहेब आला तो थेट दाराशीच थांबला. बिनउंबऱ्याचं दार बायकोला बघवेना, म्हणून तिनं सिमेंटात लाकडी उंबरा बसवून हळद-कुंकू लावलं होतं. "आबा, उंबरा घराला असतो. इथं राहता ना तुम्ही?" साहेब म्हणाला. बायको पुढं झाली. "हितं पीक राहतं, सायब. लक्ष्मी काय कुडातून शिरंल? आत घटकाभर बसून दावा, मग म्हना आमी राहतो." साहेब आत गेला, त्या दमट वासानं खोकत बाहेर आला आन हसत हसत पिकाची कच्ची शेड लिहून गेला. तशी ती मटकन खाली बसली. मी म्हणालो, "मला वाटलं तू भ्याली न्हाईस." ती म्हणाली, "लय भ्याले. पर तुमचं तोंड पांढरं पडलेलं दिसलं, मग बोलत सुटले." यंदा पुन्हा साहेब यायचाय. मी आत्तापासूनच भ्यालोय, आन माझ्या तोंडाकडं बघायला ती न्हाई.