परवडणारी खोली

लास व्हेगासात स्वतःचं घर असणं हा एक ताप आहे, आणि तो व्हर्ना स्टकीच्या मागे ती लग्न होऊन इथे आली तेव्हापासून लागला. इतर गावांत राहणाऱ्यांना नातेवाईक फोन करून विचारतात, तब्येत कशी आहे, पोरंबाळं काय म्हणतात. आमच्याकडे फोन वाजला की समजायचं, कुणाला तरी स्वस्तातलं हॉटेल हवंय.

व्हर्नाला असे फोन जरा जास्तच यायचे, कारण एकदा तिने नवऱ्याच्या मावसभावाला भर नाताळात परवडणारी खोली मिळवून दिली होती. तेवढी एक चूक तिला पुरली. नेब्रास्कातल्या तिच्या माहेरच्या गावात बातमी पसरली, की व्हर्ना हॉटेलं काढून देते. मग शाळेतल्या मैत्रिणी, चर्चमधल्या बायका, तिने ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं असले लोक फोन करू लागले. शिवाय ती काम करायची ती मोठ्या धुलाई कारखान्यात, जिथे निम्म्या शहराच्या हॉटेलांच्या चादरी धुवायला येतात. लोकांना वाटायचं, हॉटेलांचे मालक हिच्या ओळखीचे असणार. तिच्या ओळखीचे होते ते फक्त डाग.

"दिसतो तो भाव खरा नसतो," ती फोनवर सांगायची. "त्यावर रोजची रिसॉर्ट फी चढते."

"ती कशाची?"

"पोहायच्या तलावाची."

"पण मला पोहता येत नाही."

"तरी द्यावी लागते. गाडी लावायचे वेगळे. आणि शुक्रवारी येऊ नका, मंगळवारी या."

"मंगळवारी सुट्टी नसते गं."

सगळं ऐकून घेऊन माणसं शेवटी शुक्रवारीच यायची, स्ट्रिप नावाच्या मुख्य रस्त्यावरची झगमग बघून महागाचीच खोली घ्यायची, आणि घरी परतल्यावर व्हर्नाला फोन करून फीच्या नावाने बोटं मोडायची. जणू ती फी व्हर्नाच गोळा करत होती. यातल्या एकानेही कधी तिचं घर पाहिलं नव्हतं. बोल्डर हायवेच्या मागच्या वस्तीत, हिरव्या पत्र्याच्या छपराचं दोन खोल्यांचं घर. रे नावाचा तिचा नवरा वारल्यावर तिने त्याची अवजारांची खोली रिकामी केली, भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, नवी गादी आणली. कारखान्यात बारीकसा दोष निघालेल्या चादरी कामगारांना अगदी स्वस्तात मिळतात. त्यातली सगळ्यात मऊ जोडी निवडून तिने ती त्या पलंगावर अंथरली, आणि दर महिन्याला काढून, धुऊन पुन्हा अंथरायला सुरुवात केली. त्या पलंगावर अजून कुणी बसलंदेखील नव्हतं.

ती खोली कुणासाठी, हे शेजारच्या सोकोरोला बरोबर ठाऊक होतं. व्हर्नाचा धाकटा भाऊ मर्ल. माहेरचं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. मर्ल आणि त्याची बायको डोरीन याआधी तीनदा व्हेगासला येऊन गेले होते, आणि तिन्ही वेळा व्हर्नाने शोधून दिलेल्या हॉटेलात राहिले होते. भेट व्हायची ती एखाद्या उपाहारगृहात, दोन तास, मग टाटा.

वसंतात मर्लचा फोन आला. "आम्ही येतोय, व्हर्ना. लग्नाला चाळीस वर्षं झाली. डोरीन म्हणते, एकदा जाऊन येऊ. माझं हे हृदयाचं झाल्यापासून डॉक्टर कुरकुर करतोय. पुन्हा एवढ्या लांब काही येणं व्हायचं नाही."

"या की," व्हर्ना म्हणाली.

"मग... राहायचं कुठे?"

आता. वाफेच्या इस्त्रीसमोर उभं राहून तिने हे वाक्य कितीदा घोकलं होतं: माझ्याकडे राहा. दोन शब्द. पण त्यांच्या गावची रीतच अशी, की कुणी आपण होऊन दुसऱ्याच्या घरी उतरतो म्हणत नाही, आणि कुणी कुणाला आग्रह करून भिडेतही पाडत नाही. माझ्याकडे राहा म्हणावं आणि त्याने केवळ नाही म्हणवत नाही म्हणून हो म्हणावं, या विचारानेच तिची जीभ आखडली. आणि आखडलेली जीभ सवयीने नेहमीच्याच वाटेला लागली.

"स्ट्रिपवर नको, लुटतात. गुरुवार ते रविवार ना? डाउनटाउनात बघते. मी काढते काहीतरी."

"हो, तू काढशीलच," मर्ल म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला. तिला वाटलं, हृदयाचंच काहीतरी.

फोन ठेवल्यावर तिने स्वतःला इतक्या शिव्या दिल्या, की सोकोरो कुंपणापाशी आली.

"पुन्हा हॉटेल काढून दिलंस ना?" सोकोरो म्हणाली. "अगं बाई, ती खोली आता मला तरी भाड्याने दे."

"त्याला यायचं असतं तर म्हणाला नसता का?"

"आणि तुला बोलवायचं असतं तर तू म्हणाली नसतीस का? काय माणसं आहात तुम्ही. आमच्याकडे पाहुणा दारात यायच्या आधीच त्याची बॅग आत गेलेली असते."

मग व्हर्नाने हॉटेलं बघायला घेतली, आणि नेमका त्याच आठवड्यात फरशीवाल्यांचा मेळावा निघाला. देशभरातले फरशी विकणारे सगळे एकाच वेळी आमच्या गावात, आणि खोल्यांचे भाव चौपट. डाउनटाउनात एक जागा परवडण्यासारखी होती, पण खिडकीखालीच गाण्याबजावण्याचा मंच. मर्लच्या हृदयाला ते ढोल सोसवले नसते. हायवेवरच्या एका मोटेलात ढेकूण आहेत, असं तिथे राहिलेल्यांनीच लिहून ठेवलं होतं. स्ट्रिपवरच्या एका हॉटेलचा भाव चक्क बरा निघाला, तर रिसॉर्ट फी खोलीच्या भाड्यापेक्षा जास्त. व्हर्नाने कपाळावर हात मारून घेतला. पण त्याबरोबर मनातून एक लबाड आनंदही उकळून वर आला. गावात खोलीच नाही म्हटल्यावर जातील कुठे?

तिने मर्लला फोन लावला. "काही जमत नाहीये. सगळं गाव भरलंय. परवडण्यासारखं काहीच नाही."

एवढं बोलून ती थांबली. त्याच्यासाठी आपण दार सताड उघडून बाजूला उभं राहिलोय, असं तिला वाटत होतं.

मर्लने फक्त "हं" केलं. मग मागून डोरीनचा आवाज आला. "तिला म्हणावं, आमच्यापायी त्रास करून घेऊ नको. आपण पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. म्हणजे कधीच नाही. "थांबा, थांबा," ती म्हणाली. "आहे एक जागा. फुकटच आहे."

आमच्याकडे कॅसिनोवाले गावातल्या लोकांनाही सोडत नाहीत. पगाराच्या दिवशी दोन घटका जुगाराच्या यंत्रापाशी बसणाऱ्याचं नाव ते कार्डावर नोंदवतात आणि दर महिन्याला त्याला पोस्टाने फुकट राहण्याचं कुपन धाडतात. आपलं घर सोडून कोण तिथे झोपायला जाणार? सगळे ते कचऱ्यात टाकतात. व्हर्नाकडे घराजवळच्याच 'कॉपर लँटर्न' या कॅसिनोच्या हॉटेलाची तीन रात्रींची कुपनं पडलेली होती. तिने स्वतःच्या नावाने खोली घेतली. वाटलं, आपण जाऊन सही करू, किल्ली मर्लच्या हातात देऊ, झालं. पूर्वी असंच चालायचं.

आता तसं चालत नव्हतं, हे तिला गुरुवारी दुपारी, मर्ल आणि डोरीन बॅगा धरून मागे उभे असताना कळलं.

"खोली तुमच्या नावावर आहे, तर राहायलाही तुम्हीच हव्यात," काउंटरवरची बाई म्हणाली. "बरोबर दोघं चालतील, काही हरकत नाही. पण लोक कुपनं विकायला लागले, म्हणून लिफ्टपाशी पहारेकरी तुमच्या नावाचं कार्ड बघतो. दर खेपेला."

"पण माझं घर इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे."

"मग इथे कशाला राहता?" बाईने विचारलं. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

डोरीन पुढे झाली. "राहू दे, व्हर्ना. आमच्यापायी तुला उगीच ताप. आम्ही दुसरं काहीतरी बघतो."

"काय बघणार? गावात फरशीवाले आहेत," व्हर्ना करवादली. माझ्याकडे चला, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण आता म्हणावं तर ते नाइलाजाने म्हटल्यासारखं दिसलं असतं, आणि एवढी रंगवलेली खोली तिला नाइलाजात खर्ची घालायची नव्हती. तिने फाडकन सही केली. "मी राहते तुमच्याबरोबर."

"आणि तुझं घर?" मर्लने विचारलं.

"आहे तिथेच आहे."

आणि बघा, काय हा न्याय. ज्या बाईने पाहुण्यांसाठी घरात पलंग मांडून ठेवला, ती पाहुण्यांबरोबर स्वतःच्याच गावात हॉटेलात राहायला गेली. डोरीनला बर्फ हवा झाला की व्हर्नाने खाली जायचं, कारण कार्ड तिच्याकडे. मर्लला पाय मोकळे करायचे असले की व्हर्नाने पोचवायचं आणि आणायचं. बुफेत मर्लने भाजलेल्या मांसाचे काप घेतले, डॉक्टरने बंद केलेलं, वर रस्सा ओतलेलं बटाट्याचं भरीतही घेतलं, आणि सगळे हवापाण्याबद्दल बोलले. नेब्रास्कात पाऊस कसा आहे, इथे ऊन कसं आहे. हवापाणी संपल्यावर फरशीवाल्यांबद्दल बोलले. व्हर्नाला ताट आपटावंसं वाटत होतं.

सकाळी डोरीन अंघोळीला गेली. मर्ल कागदी पेल्यात कॉफी घेऊन खिडकीशी बसला होता.

"तुझं घर कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.

"ते काय. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे. हिरवं छप्पर."

मर्ल खुर्चीत पुढे सरकून बघत राहिला. "ते? एवढं जवळ?" त्याने काचेला कपाळ टेकवलं. कॉफी निवली. "बाहेर काहीतरी वाळत घातलंय."

"चादरी. तुमच्या..." ती अडखळली. "पाहुण्यांच्या पलंगाच्या. काल सकाळी धुतल्या."

"तुझ्याकडे पाहुण्यांचा पलंग आहे?"

"मग? मी काय रस्त्यावर राहते?" आता तिचा बांध फुटला. "रे गेला तेव्हापासून खोली करून ठेवलीये. तुझ्यासाठीच. रंग दिलाय, गादी आणलीये. तू येतोस आणि दर वेळी मला हॉटेल विचारतोस. इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालास, व्हर्ना, तुझ्याकडे येऊ का?"

मर्लने पेला खाली ठेवला. "दर वेळी म्हणालो की."

"कधी?"

"राहायचं कुठे, असं विचारायचो ना तुला. त्याहून आणखी कसं विचारतात माणसं? आई तरी कधी कुणाला याहून जास्त म्हणाली होती का? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू हॉटेलाचं नाव सांगायचीस. भाव, फी, वार, सगळं तयार. डोरीन म्हणायची, तिला आपण घरात नकोय, उगाच भीड घालू नकोस. मग मी गप्प बसायचो."

न्हाणीघराचं दार किलकिलं झालं होतं आणि नळ केव्हाच बंद होता. डोरीन आतून म्हणाली, "हो, मीच म्हणायचे. मला वाटायचं, आम्ही तुला आवडत नाही."

आता व्हर्नाच्या डोक्यात उजेड पडला. साऱ्या नेब्रास्काला खोल्या काढून देता देता आपण आपल्याच दाराला कुलूप लावत होतो, आणि तेही इतक्या तत्परतेने. तीनदा. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही संताप आला.

तासाभराने तिघं काउंटरवर उभे होते. बाईने विचारलं, खोलीत काही अडचण होती का. व्हर्ना म्हणाली, खोली छान होती. मर्ल बॅगेवर हात ठेवून उभा होता. त्याने घसा खाकरला आणि नेहमीच्याच सुरात विचारलं, "मग, व्हर्ना. राहायचं कुठे?"

खरं सांगायचं तर तिच्या जिभेवर एका हॉटेलाचं नाव आलंच होतं. तिने ते गिळलं.

"माझ्याकडे राहा," ती म्हणाली. वाक्य इतकं मोठ्याने बाहेर पडलं की रांगेतला एक फरशीवाला वळून बघायला लागला.

घरी पोचल्यावर सोकोरो कुंपणापाशीच उभी होती. तिने बॅगा पाहिल्या, काही विचारलं नाही, मर्लच्या हातातली बॅग ओढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. दोरीवरच्या चादरी कडक वाळल्या होत्या. डोरीनने एक टोक धरलं, व्हर्नाने दुसरं, आणि दोघींनी पिवळ्या खोलीतल्या पलंगावर त्या अंथरल्या. मर्ल काठावर बसला, हाताने चादर चाचपली. मग कोपऱ्यातली शिवण उचलून डोळ्यांजवळ नेली. तिथे स्ट्रिपवरच्या एका बड्या हॉटेलाचं नाव निळ्या धाग्यात विणलेलं होतं.

"म्हणजे या वेळीसुद्धा तू आम्हाला हॉटेलातच घातलंस," तो म्हणाला.

डोरीन उशी तोंडावर धरून हसत सुटली. व्हर्नाला हसावं की चिडावं कळेना. चिडायची सवय जुनी होती, म्हणून ती आधी चिडली. "गप पड जरा, डॉक्टरने विश्रांती सांगितलीये ना," असं म्हणून तिने खिडकीचा पडदा ओढला, आणि स्वयंपाकघरात जाऊन, नळ मोठा सोडून, पोटभर रडली.