सवत झोपलेली बरी

"थांबा मॅडम, सवतीला गप्प करते आधी," असं म्हणून ती गोळ्यांची नवी बाटली कानाशी धरून हलवायची आणि पर्समधला कापसाचा बोळा काढून आत कोंबायची. मग नखाने बाटलीवरचं लेबल खरवडून काढायची. पुन्हा हलवून बघायची. आवाज बंद झाला की बाटली पिशवीत जायची, वर मेथीची जुडी.

कल्याणच्या एका सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं मिळतात, तिथे मी समुपदेशक आहे. दिवसभर बोलणं हेच काम, म्हणून कळव्याला घरी गेल्यावर मी फारशी बोलत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायका या आजाराला 'ते' म्हणतात, नाहीतर 'बिमारी'. शेजारपाजारी 'शुगर' सांगून मोकळ्या होतात. हिने मात्र त्याच्याशी नातंच जोडलं होतं. ती धंदा करायची, आणि ते सांगताना तिचा आवाज खाली यायचा नाही.

"नवरा मिळाला नाही, सवत तेवढी मिळाली," ती हसत म्हणायची. "गोळी दिली की पडून राहते बिचारी."

कंडोमवर मी तिला एकदाच व्याख्यान द्यायला गेले. मध्येच तोडून म्हणाली, "गिऱ्हाईक नाही म्हणालं तर दार दाखवते मी. त्याच्या बायकोच्या घरात माझी सवत कशाला धाडू?" उरलेलं व्याख्यान मी गिळलं.

मरणाला ती भीत नव्हती. तिच्या गल्लीतली एक बाई या आजाराने गेली, तेव्हा खांद्याला कुणी आलं नव्हतं आणि तिची भांडीकुंडी बायकांनी उकिरड्यावर टाकली होती. ते हिने डोळ्यांनी पाहिलं होतं. "मरायचं तर मरू हो," ती म्हणायची, "पण सवतीच्या हातून नाही. माझी भांडी कुणीतरी वापरली पाहिजेत."

मग एकदा तिचा रिपोर्ट आला. रक्तात विषाणू आढळला नाही, असं त्यावर होतं आणि कुणीतरी तिला तेवढंच वाचून दाखवलं. नवरात्र होतं. बाई टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरून, पेढे घेऊन माझ्यासमोर हजर. "सवत गेली मॅडम! गोळ्या बंद केल्या. घरात नाही तिला जेवायला कशाला घालू?"

मी चिडलेच. "अगं, गेली नाहीये, झोपलीय ती! गोळ्या थांबवल्यास तर उठून बसेल आणि तुलाच घेऊन जाईल."

तिचा चेहरा उतरला. तिने पेढ्यांच्या बॉक्सवर झाकण ठेवलं. तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "मग ओरडताय कशाला? उठेल ना ती!"

गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. तेव्हापासून माझ्या खोलीत ती कुजबुजतच बोलायची, आणि खरं सांगायचं तर तिच्यासमोर माझाही आवाज आपोआप खाली यायचा.

गेल्या उन्हाळ्यात तिची औषधाची तारीख चुकली. काही दिवसांनी तिच्या शेजारणीने मला बाहेर व्हरांड्यात बोलावून घेतलं.

"ती गेली मॅडम. हार्टनं. डॉक्टरनं लिहून दिलंय, हार्ट. सगळी गल्ली आलेली." पोरगी पहिल्या नंबराने पास झाल्यासारखं ती सांगत होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"तिचं सामान?" मी विचारलं.

"कुकर मी नेला. रोज भात लावते त्यात. का हो?"

"काही नाही."

शेजारणीने पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. लेबल खरवडलेलं होतं, आत कापूस. "काही झालं तर ही तुम्हाला नेऊन द्यायची, असं सांगून ठेवलेलं तिनं. ह्या शुगरच्याच गोळ्या ना?"

"हो," मी म्हणाले. अगदी हळू.