शकुमावशींची पांढरी साडी

जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत शकुमावशी भडकल्या की शेजारी पटापट दारं लावून घेतात. मी त्या नोव्हेंबरात लावलं नाही, कारण त्यांचा राग रास्त होता. त्यांचे यजमान शिवदासकाका दम्याने बेजार. पहाटे पाचला खोकला सुरू झाला की पंपाशिवाय थांबायचा नाही. हीच हवा राहिली तर महिन्याभरात ऑक्सिजनवर ठेवावं लागेल, असं डॉक्टर बोलून गेले होते.

मावशींनी तपास न करताच गुन्हेगार ठरवला. चाळीच्या पश्चिमेला धाकूची बेकरी, तिची लाकडाची भट्टी.

"तुझ्या पावापायी माझा माणूस जातोय रे!"

धाकूने बिचाऱ्याने चार दिवस भट्टी बंद ठेवली. खोकला होता तसाच.

"मावशी, पहाटे मतलई वारो असता," तो मालवणी माणूस म्हणाला, "जमनीवरसून दर्याकडे. माझो धूर तेव्हा तुमच्याकडे येवचोच नाय. आधी पूर्वेक बघा."

पूर्वेला काँक्रीट बनवायचा प्लांट आणि पलीकडे कचरा पेटवायचं मैदान. थंडीत पहाटेची हवा वर चढत नाही, सगळं जमिनीलगत साचून राहतं.

मावशी ओशाळल्या, धाकूची माफी मागितली, आणि घरी येऊन पेटी उघडली. सहा डिसेंबरला दादरला अभिवादनाला नेसायची नवी पांढरी साडी बाहेर काढली. मी ओरडले, "अहो, ती कशाला?"

"याच्याएवढं पांढरं घरात दुसरं काय आहे गं?"

आठवडाभर साडीचा पदर पहाटे गॅलरीत टांगला आणि उरलेली साडी दुपारी, समुद्राचा वारा सुटल्यावर. एक बाजू बाहेर असेल तेव्हा दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत बंद. दुपारची बाजू जराशी मळली. पहाटेचा पदर राखाडी झाला, बोटांनी चोळला की सिमेंट करकरायचं.

पाच तारखेला आम्ही हवेचं प्रदूषण मोजणाऱ्या सरकारी ऑफिसात तक्रार घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "आमच्या मशीनचं रीडिंग ठीक आहे."

मावशींनी साडी टेबलावर पसरली. "मशीनला दमा नसतो साहेब. माझ्या माणसाला आहे."

"बघतो," म्हणून त्यांनी फाइल बाजूला सरकवली. मला इतका संताप आला की रडू फुटलं. मावशी रडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दादरला निघाल्या. अंगावर तीच साडी, राखाडी पदर पुढे.

"निदान धुवायची तरी," मी म्हटलं.

"धुतली तर पुरावा जाईल. उद्या परत त्याच टेबलावर पसरायचीय."