लुगड्याचा रंग विचारणारा माणूस

म्हशीच्या फोटोखाली पहिला प्रश्न आला तो असा: ही म्हैस अजून आहे का? जाहिरात टाकून चार मिनिटं झाली होती. मी लिहिलं, आहे. दुसऱ्यानं विचारलं, फोटोतली हीच मिळणार की हिच्यासारखी दुसरी? तिसरा पुण्याचा निघाला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये म्हैस चालेल का, हे त्याला माझ्याकडून हवं होतं, जशी काही मीच त्याच्या सोसायटीची चेअरमन. एकानं शिंगं काढून मिळतील का विचारलं, आणि एका महाभागानं फोटोत शेजारी दिसणारी बादली म्हशीबरोबर येते का, असं.

मी बीडला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. फॉर्मची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेली असते आणि तिच्याखालीच उभी राहून पोरं विचारतात, मॅडम, तारीख काय? दिवसभर हे ऐकून घरी यायचं आणि पुन्हा फोनवर तेच. माझा स्वभाव मुळात तापट. आई म्हणते, तू कपाळावर आठी घेऊनच जन्माला आलीस.

म्हैस आईची होती. आई बीडजवळच पालीला एकटी राहायची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन आठवड्यांवर आलं होतं, त्यानंतर उकिडवं बसायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती, म्हणून ती कायमची माझ्याकडे येणार होती. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. म्हशीला दुसरं घर शोधणं भाग होतं. अडचण एवढीच की ती आईशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. मी दोनदा बसून पाहिलं. पहिल्यांदा तिनं दूध वर चढवून घेतलं, दुसऱ्यांदा मला बादलीसकट उलथवलं. अशी म्हैस चुकीच्या दारात गेली तर थोड्याच दिवसांत आटते, आणि आटलेल्या म्हशीचं पुढचं दार कोणतं, हे आमच्याकडे कुणी तोंडानं बोलत नाही. आईला झोप लागेना ती त्यासाठीच. गुडघ्याचं तिला काही वाटत नव्हतं.

बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तिथं बाईमाणसाला कोण विचारतो. म्हणून मी जनावरांच्या ऑनलाइन लिलावाच्या अ‍ॅपवर तिला टाकली. रविवारी दुपारी बाराला बोली बंद होणार होती. एकाच हाताची सवय आहे, हे आईनं मला आग्रहानं लिहायला लावलं. मी म्हटलं, कशाला आपणच खोट सांगायची? पण तिनं ऐकलं नाही.

शनिवारपर्यंत सगळ्यात वर एका व्यापाऱ्याची बोली होती. भला माणूस, एकही प्रश्न नाही. नुसता आकडा वाढवायचा आणि गप्प बसायचा. मला तो मनापासून आवडला. आणि त्याच दुपारी, ऑफिसात तीन पोरं एकदम खिडकीत तोंड घालून उभी असताना, फोनवर एक नवा प्रश्न आला. विचारणारा धर्मापुरीचा होता. धार कोण काडतं, आणि लुगडं कोणत्या रंगाचं नेसता?

जाहिरातीवर विकणारी म्हणून माझा फोटो होता. माझं डोकंच फिरलं. असले चाळे करणारे काही कमी नसतात. मी लिहिलं, तुझ्या आईला विचार तिच्या लुगड्याचा रंग. आणि त्याला ब्लॉक करून टाकलं. त्याबरोबर त्याची छोटीशी बोलीही यादीतून गेली. फार बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी स्कूटीवरून पालीला गेले आणि आईला हे रंगवून सांगितलं. बादलीवाल्याला ती हसली होती. याला हसलीच नाही. गव्हाणीत कडबा टाकत होती, ती थांबली.

"त्यालाच म्हशीतलं कळतं गं," ती म्हणाली. "धार काडणारीचं लुगडं डोक्यावरून घेतलं तर म्हैस भुलती. त्याला त्याच्याजवळ तसं हाय का बघायचं आसंल. कशाला हाकललंस त्याला?"

मी म्हटलं, व्यापारी आहे ना, चांगली बोली आहे त्याची.

"ज्याला काईच इचारायचं न्हाई, त्याला म्हैस नगं आसती. त्याला तिचं वजन पायजे."

खेड्यात वाढलेली मी, आणि एवढं मला सुचू नये? स्वतःचाच इतका राग आला की दुसरं कुणी समोर असतं तर बरं झालं असतं. ब्लॉक काढलं आणि त्याला माफीचं लिहिलं. चार ओळी लिहून खोडल्या, पाचवी पाठवली. मेसेज पोचल्याची खूण आली, उत्तर नाही. व्यापाऱ्याला नाही म्हणता आलं असतं, पण मग म्हैस कुणाला? पुन्हा लिलाव लावून गिऱ्हाईक बघायला आमच्याजवळ दिवस उरले नव्हते.

रविवारी सकाळी मी गव्हाणीपासून दारापर्यंत इतक्या येरझारा घातल्या की म्हैसही वैतागून माझ्याकडं पाहायला लागली. दर दोन मिनिटांनी फोन. आठ वाजले, नऊ वाजले. चहा केला, तो तसाच निवला. मधे कुणीतरी विचारलं, म्हैस पोहते का? मी नम्रपणे लिहिलं, हो, धरणात पोहते. आता कुणाला दुखवायची छातीच उरली नव्हती.

दहा वाजून गेल्यावर त्याचं उत्तर आलं. तोंडपाठ आहे मला.

"काल बगितलं व्हतं, पण राग आलता. तुमी इचारलं म्हणून सांगतो, माझ्या आईचं हिरवं व्हतं. ती गेल्यावर आमच्या म्हशीनं दूध बंद केलं. तेच लुगडं डोक्यावर घिऊन सा म्हैने मी धार काडली."

मी लगेच आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, या म्हण त्याला. मी व्यापाऱ्याला नकार कळवला आणि जाहिरात काढून टाकली. या माणसाची बोली बरीच कमी होती, ती आईनं तशीच मान्य केली.

दुपारी तो टेम्पो घेऊन आला, बरोबर बायको. दावं त्याचं त्यानं आणलं होतं, कारण जनावर विकलं तरी दावं आपण देत नाही, दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते. त्यानं फक्त लुगडं मागितलं, आणि धुतलेलं नको म्हणाला. आईनं दोरीवरचं विटकं जांभळं लुगडं काढून दिलं, ज्याला शेण, घाम, पेंड सगळ्याचा वास होता. त्याच्या बायकोनं ते डोक्यावरून अंगभर घेतलं. आई घरात जाऊन दाराआड उभी राहिली, म्हशीला दिसू नये म्हणून. म्हशीनं लुगड्याला नाक लावलं, एकदा घराच्या दाराकडं पाहिलं. मग बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. आईनं तो सगळा उभ्यानं ऐकला, दुखऱ्या गुडघ्यावर, बादली भरेपर्यंत.

ऑपरेशन झालं. आई माझ्याकडे आली, वॉकर घेऊन हॉलमधून बाल्कनीपर्यंत जायला लागली. आणि तिचे प्रश्न सुरू झाले. विचार गं त्याला, पेंड भिजवून देतो का कोरडी? पाणी सकाळच्या पारी पिली का? विचार, बायकोला धारेला उजव्या अंगानं बसवतो का? काल विचारलेलं आज पुन्हा. मी टाइप करताना लाजायचे. तो माणूस प्रत्येकाला उत्तर द्यायचा, मावशीला सांगा असं आधी लिहून, आणि एकदाही चिडला नाही.

महिन्याभरानं त्यानं आपण होऊन कळवलं की म्हैस आता बायकोच्या स्वतःच्या कपड्यांत धार देते, जांभळ्याची गरज राहिली नाही. मला वाटलं आई खूष होईल. ती म्हणाली, चांगलं झालं. मग वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत जाऊन परत आली.

"मग माझं लुगडं पाठवून दे म्हण," ती म्हणाली.

मी लिहिलं. लगेच उलट प्रश्न आला, धुऊन पाठवू का तसंच? मी आईला वाचून दाखवलं. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

"तसंच," ती म्हणाली. "पाण्यात घालू नगं म्हणावं."