हुकूम नसलेली कवायत

कवायत म्हटलं की शिकलेली माणसं नाक मुरडतात. परवा आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने सुनावलं, की तुम्ही पोरांची यंत्रं करता. एकाने ओरडायचं आणि बाकीच्यांनी पाय आपटायचे. मी जळगावच्या शाळेत खेळ आणि कवायत शिकवते, तेव्हा टोमणा कोणाला होता ते सांगायला नको. तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, हुकूम पाळायला शिकण्यासाठी मला कवायतीची काय गरज? ते शिक्षण धरणगावच्या घरात फुकट मिळत होतं. पाणी आण, खाली बघ, मोठ्याने हसू नको, उशीर का झाला. कवायतीच्या मैदानावर मी शिकले ते वेगळंच, आणि ते एकदा नीट सांगून टाकायचं आहे.

कॉलेजसाठी मी जळगावच्या मेहरूण भागात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होते. घरात शब्द चालायचा नानांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. वडील त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचेसुद्धा नाहीत. मी कॉलेजच्या कॅडेट मुलींच्या तुकडीत गेले, रायफल घेतलेला माझा फोटो गावभर मोबाइलवर फिरला, आणि नानांनी फोन करून विचारलं, "हाई करीसन काय भेटस?"

म्हणजे, हे करून मिळतं काय? मग त्यांनीच ठरवलं. प्रजासत्ताक दिनाला धुळ्याला आमचा कार्यक्रम होता, तो ते स्वतः येऊन बघणार. पटलं तर ठीक, नाहीतर मी तिथूनच त्यांच्याबरोबर घरी जायचं. परीक्षेपुरतं जळगाव, खोलीतलं सामान मागाहून कोणीतरी आणेल. वडील फोनवर नुसते हं हं करत होते.

आमचा कार्यक्रम मूक कवायतीचा होता. नेहमीच्या कवायतीत कोणीतरी समोर उभा राहून सावधान, दाहिने मुड असे हुकूम सोडतो. मूक कवायतीत तोंड कोणीच उघडत नाही. चालणं, वळणं, रायफल एका हातातून दुसऱ्या हातात घेणं, एका रांगेने दुसऱ्या रांगेतून आरपार जाणं, सगळं गप्प. आम्हाला शिकवणारे उस्ताद फौजेतले हवालदार, हिंदी मुलखातले. ते सांगायचे, शेजारणीकडे बघून हालाल तर उशीर झालाच समजा, तिला ऐका. म्हणून आम्ही सकाळी मेहरूण तलावाच्या काठाने पळतानाही बोलायचो नाही. रायफलीवर पडणारा हात, टाच, श्वास, एवढंच ऐकायचं. पुढेपुढे शेजारची आज थकली आहे हे मला तिच्या पावलावरून कळायला लागलं, आणि तिच्यासाठी सगळ्या रांगेचं पाऊल आपोआप आखूड व्हायचं. कापूस वेचताना बोटांची टोकं सोलून निघतात, रायफलीने तळहात सोलून निघाले.

आदल्या दिवशी आयोजकांपैकी एकजण म्हणाले, की असं मुकाट चालणं लोकांना कंटाळवाणं होईल, शिवाय एवढ्या गर्दीपुढे मुली गोंधळतील, तेव्हा माइकवरून एखाद्या माणसाने हुकूम द्यावेत. उस्तादांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सांगितलं, मग आम्ही मैदानात उतरतच नाही. त्या गृहस्थांना मिरच्या झोंबल्या, पण छापलेल्या कार्यक्रमात आमचं नाव होतं.

मैदानात शिरताना मंडपात नाना दिसले. पांढरी टोपी, हाताची घडी. मान वळवता येत नव्हती, आणि ते बरंच होतं.

सुरुवात सुरेख झाली. पण आमच्या खानदेशात आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं असंच समजतात. लग्नाच्या वरातीत बँड जरा गप्प झाला तरी माणसं मागे वळून बघतात, भांडण झालं की काय. त्या दिवशी स्पीकर सांभाळणारा भाऊ एरवी लग्नांचीच कामं करणारा. त्याला वाटलं, पोरी विसरल्या. आमची लाज राखायची म्हणून बिचाऱ्याने देशभक्तीचं गाणं पूर्ण आवाजात लावून दिलं. लोकांना हेच हवं होतं. सगळा मंडप तालात टाळ्या वाजवायला लागला.

गाण्याचा ताल आमच्यापेक्षा जलद होता. रायफल छातीसमोर धरून आम्ही क्षणभर थांबतो, त्या जागी आम्ही होतो. तिथून त्या तालात पाय टाकला असता तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पायाला ओढ लागली होती, खोटं कशाला बोलू. पण शेजारणीचा श्वास हलला नाही, आणि मीही हलले नाही. पलीकडची हलली नाही. अख्खी तुकडी तशीच उभी राहिली. आधी कोण थांबलं हे मी नंतर एकेकीला विचारलं, प्रत्येकीने दुसरीचं नाव सांगितलं.

गाणं वाजत होतं, आम्ही उभ्या होतो. आयोजक मंडपाच्या कडेला हातवारे करत होते. हळूहळू टाळ्या विरल्या, लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि त्या स्पीकरवाल्या भावाने कडव्याच्या मध्येच गाणं बंद केलं. मैदान गप्प झालं. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढी ऐकू येत होती. मग आमचे सगळे हात रायफलीवर एकदम पडले आणि त्याचा एकच आवाज झाला. मला त्या क्षणी माज आला होता. आजही आहे, आणि तो उतरावा असं मला वाटत नाही.

धुळ्याच्या बसस्टँडवर नानांनी आधी जळगावच्या गाडीची चौकशी केली. मग म्हणाले, "थांबानं कोनी सांगं व्हतं?"

"कोनीच नही."

"मंग बठ्ठ्या एकदम कश्या थांबन्यात?"

"एकमेकीस्नं आयकीसन, नाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जळगावच्या बसमध्ये आमची दोघांची तिकिटं काढली, एरंडोलपर्यंतची. एरंडोलला उतरून धरणगावची गाडी धरायची. म्हणजे त्यांचं ठरलं होतं. पारोळा गेलं, मी रडले नाही. तळहात चुरचुरत होते.

एरंडोलला गाडी थांबली. नानांनी वरून माझी बॅग काढली, हातात घेतली आणि म्हणाले, "उतर."

मी बसून राहिले. सीटवर, पाठ ताठ, नजर समोर. कंडक्टर म्हणाला, तिकीट इथपर्यंतचंच आहे, लवकर करा. मागची माणसं कुरकुरायला लागली. नाना बॅग घेऊन मधल्या वाटेत उभे होते आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी कंडक्टरला म्हणाले, "एक जळगाव द्या."

त्याने नानांकडे पाहिलं. मी नाही पाहिलं. त्याने तिकीट फाडून दिलं. नानांनी बॅग माझ्या मांडीवर ठेवली, पट्टा नीट आत केला आणि ते उतरून गेले. तसं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.