कुलुपाचा तक्ता

शाळेच्या ग्रंथालयातल्या बाई काही शिक्षिका नव्हत्या, पण इतिहास प्रकल्प स्पर्धा जवळ आली की मुलं त्यांच्याच टेबलाभोवती गोळा व्हायची. जुनी वर्तमानपत्रं कुठे मिळतात, म्हाताऱ्या माणसांना बोलतं कसं करायचं, हे सोळा वर्षं त्याच शिकवत आल्या होत्या. बक्षीस मिळालं की फोटोत मात्र मुख्याध्यापक.

त्या वर्षी नववीतल्या एका चष्मेवाल्या मुलीनं बंद पडलेल्या काडेपेटीच्या कारखान्याचा विषय घेतला. "बाई, तिथे आग लागली होती म्हणे. खरं का?"

बाईंची आई लग्नाआधी त्याच कारखान्यात पेट्या भरायला होती. आगीबद्दल तिनं घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. बाई मुलीला घरी घेऊन गेल्या. आईनं बरेच आढेवेढे घेतले. मग मुलीनं वही उघडलेली बघून ती म्हणाली, "लिही. दाराला बाहेरून कुलूप असायचं. आम्ही माल चोरू म्हणून मालक लावायचा. सात जणी गेल्या. मी खिडकीतून उडी मारली, धाकटी मागे राहिली."

आपल्याला एक मावशी होती, हे बाईंना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मुलीनं सात नावांचा मोठा तक्ता केला, मधोमध कुलूप काढलं. मुख्याध्यापकांनी तो स्पर्धेच्या सकाळी पाहिला. मालकाचा मुलगा प्रमुख पाहुणा होता, शाळेचं सभागृहही त्यानंच बांधून दिलेलं.

"हा तेवढा काढा. बाकी छान आहे."

"सर, खरं आहे ते."

"खोटं आहे असं मी कुठे म्हणतोय? तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव या महिन्यातच पाठवायचाय ना?"

बाईंनी टाचण्या स्वतःच्या हातांनी काढल्या. मुलगी आली आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिली. "निदान मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाली. तक्ता गुंडाळून घरी घेऊन गेली. प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. पाहुण्यांनी कारखान्याच्या गौरवशाली परंपरेवर भाषण ठोकलं.

घरी आई वाटच बघत बसली होती. "वाचलं का लोकांनी?"

"वाचलं."

"मालकाच्या मुलानं?"

"त्यानंसुद्धा. मान खाली घातली त्यानं."

आई पदरात तोंड घालून रडली. बाईंनी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती येईल त्याला ही गोष्ट सांगू लागली. मग म्हणाली, "तक्ता घरी आण. तिचं नाव लिहिलेलं एकदा बघू दे."

बाई मुलीच्या घरी गेल्या. मुलीनं दारातूनच विचारलं, "आजींना खरं सांगितलंत?" बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग सांगा आधी. मी स्वतः आणून देईन."

बाई हात हलवत परतल्या. आईला म्हणाल्या, "शाळेनं ठेवून घेतला. सभागृहात लावणार आहेत, कायमचा."

"बरं झालं," आई म्हणाली. "तिथे चार लोक बघतील तरी."

पुढच्या महिन्यात बाई नोकरीत कायम झाल्या. ती मुलगी दहावी होऊन गेली, पण तोवर ग्रंथालयात पुन्हा आली नाही.